डीओ मोजताना चूक ब्युरेटच्या आधीच होते

विंकलर पद्धतीनं, म्हणजे ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडिन मोकळं करून ते मोजून, पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन (डीओ) काढायचा म्हटलं की सगळ्यांचे डोळे ब्युरेटवर, म्हणजे द्रावण थेंबाथेंबानं सोडायच्या खुणांच्या नळीवर. माझा अनुभव असा, की आकडा बिघडतो तो नदीकाठी, बाटली भरताना.

मुठेत बादली टाकली आणि तिच्यातून बाटलीत पाणी ओतलं, की ओततानाच हवा मिसळते. पाण्यात ऑक्सिजन जितका कमी, तितका आकडा जास्त फुगतो. मी ३०० मिलीची बीओडी बाटली (याच कामाची घट्ट काचेच्या बुचाची बाटली) घेतो, रबरी नळी तळापर्यंत सोडतो आणि बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वरून वाहू देतो. नळी पाणी चालू असतानाच सावकाश काढायची. काचेला चिकटलेले बुडबुडे टिचकी मारून सोडवायचे. बंडगार्डनच्या बंधाऱ्याखालचं फेसाळतं पाणी तर घेऊच नये. तो आकडा धबधब्याचा असतो, नदीचा नव्हे.

पुढचं कामही काठावरच. १ मिली मँगनस सल्फेट, लगेच १ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड. पिपेट वेगवेगळी; अदलाबदल झाली की टोकाशी तपकिरी डाग धरतो आणि द्रावणंही खराब होतात. बूच लावताना गळ्यातून पाणी सांडतं, ते सांडू द्यावं, आत हवा मात्र राहू नये. बाटली उलटसुलट करायची, तयार झालेला साका (न विरघळणारा गाळ) निम्म्यापर्यंत बसला की पुन्हा एकदा. साका तपकिरी म्हणजे ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. मग पुढचं टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटनं मोजणं, निव्वळ औपचारिकता.

साका खाली बसल्यावर १ मिली संहत सल्फ्युरिक आम्ल. साका विरघळून आयोडिनचा पिवळा-तपकिरी रंग येतो. कण उरले तर आणखी थोडं आम्ल. अझाइडच्या साठ्याच्या बाटलीत आम्ल चुकूनही जाऊ देऊ नका, विषारी वायू निघतो.

आता टायट्रेशनसाठी या बाटलीतले २०१ मिली घ्यायचे. २०० का नाही? दोन द्रावणांनी २ मिली नमुना बाहेर ढकललेला असतो, त्याची ही भरपाई: २०० × ३०० ÷ २९८. त्यात ब्युरेटमधून आयोडिनचा रंग घालवणारं थायोसल्फेट सोडायचं; ते ०.०२५ नॉर्मल (तीव्रतेचं एकक) असेल तर लागलेलं १ मिली म्हणजे थेट १ मिग्रॅ ऑक्सिजन प्रति लिटर. लिटरला ६.२०५ ग्रॅम सोडियम थायोसल्फेटचे स्फटिक लागतात, पण वजनावर विसंबू नये. बाय-आयोडेट किंवा डायक्रोमेटच्या प्रमाण द्रावणाशी ताडून घ्यावं.

वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा रंग आला की मगच स्टार्च. आधी घातलात तर आयोडिन त्याला धरून बसतं आणि शेवट रेंगाळतो. निळा रंग पहिल्यांदा जातो तोच शेवट. थोड्या वेळानं परत आला तर मोजू नका. वारंवार चटकन येत असेल तर पाण्यातल्या नायट्राइटचा अडथळा आवरायला अझाइड कमी पडतंय. आणि पंखा बंद ठेवा, आयोडिन उडून जातं.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. त्यामुळे २५ अंशांना हवेनं संपृक्त झालेल्या पाण्याचा आकडा पुस्तकातला, समुद्रसपाटीचा ८.२६ मिग्रॅ प्रति लिटर नव्हे, सुमारे ७.७ येतो. ऊर्ध्वपातित पाण्यातून हवा सोडून हा आकडा मिळतो का, हे मी आधी पाहतो. तलावाच्या नमुन्यात दुपारी याहून जास्त आलं तर घाबरू नका, शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं. तिथंच पहाटे वेगळाच आकडा येईल. म्हणून बाटलीवर तारखेबरोबर वेळ आणि तापमानही लिहा.