लाल चावी

शनिवार, ४ मे

ननीटनला जाऊन सेकंडहँड मोटारसायकल बघून आले. कोव्हेंट्रीहून ट्रेनने वीसएक मिनिटं. यामाहा एफझेड६ फेजर, २००६ सालची. आपल्याकडे फेजर म्हटलं की दीडशे सीसीची डोळ्यांपुढे येते, हिचा तिच्याशी नावापुरताच संबंध. ही सहाशे सीसीची, चार सिलिंडरची, सायलेन्सर सीटखाली. सीटची उंची ७९५ मिलिमीटर, माझी पाच फूट तीन इंच. दोन्ही चवडे टेकतात, टाचा अधांतरी. चालेल.

विकणारे गृहस्थ साठीच्या आसपासचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून विकतायत. बाबांनी फोनवर बजावलं होतं, आधी इंजिनला हात लाव. गरम असेल तर तुझ्यासाठी आधीच सुरू करून ठेवलीय असं समज. थंडगार होतं. पहिल्या बटणाला सुरू झाली. साखळी थोडी सैल, मागचा टायर यंदाच्या उन्हाळ्यापुरता. मागितले १८०० पौंड.

मग चावी. एकच! काळ्या मुठीची, प्लास्टिक झिजून गुळगुळीत झालेलं, कडीच्या भोकापाशी तडा. मी विचारलं, दुसरी? म्हणाले, मी घेतली तेव्हा एवढीच मिळाली. मी विचारलं, आणि लाल? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या पणजीची नथ मागतेय.

विचार करून कळवते म्हटलं आणि निघाले.

रविवार, ५ मे

लाल चावीचं प्रकरण नवऱ्याला समजावून सांगता सांगता मलाच नीट समजलं.

या गाड्यांबरोबर कारखान्यातून तीन चाव्या येतात, दोन काळ्या आणि एक लाल मुठीची. प्रत्येक मुठीत एक बारीक चिप. तिला बॅटरी नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं, त्यातून तिला तेवढ्यापुरती वीज मिळते आणि ती आपला आकडा सांगते. आकडा ओळखीचा निघाला तर इंजिन सुरू होतं. नाही तर चावी कुलपात गुळगुळीत फिरेल, दिवे लागतील, पण गाडी ढिम्म. गाडी चालवायची ती काळ्या चावीने. लाल चावी नव्या काळ्या चाव्यांची ओळख करून द्यायला, म्हणजे सोयरीक जुळवणारी. कंपनीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की ती रोज वापरू नका, जपून ठेवा. आणि ती हरवली तर गाडीशी नवी चावी जोडता येत नाही. आहेत त्या काळ्या चालत राहतात, पण त्याही गेल्या तर चावी नव्हे, सगळी इमोबिलायझर यंत्रणाच, म्हणजे चिप ओळखणारी ही अख्खी व्यवस्था, बदलायची.

थोडक्यात, जी कधी वापरायची नाही तीच हरवायची नाही. आणि माणूस हरवतो तीच. रोजची वस्तू हाताला सवयीची असते, हरवली तर संध्याकाळपर्यंत बोंब होते. लाल चावी पहिल्या मालकाने एखाद्या ड्रॉवरमध्ये ठेवली असेल, घर बदलताना ड्रॉवर रिकामा केला असेल, आणि ती कुठे गेली हे कुणाला कळलंसुद्धा नसेल.

नवऱ्याचा प्रश्न सरळ होता: चोरीची तर नाही ना? तो प्रश्न मी स्वतःला विचारायचं टाळत होते, हे खरं.

साताऱ्याला फोन लावला. बाबांना म्हटलं, चावीत चिप असते. ते म्हणाले, "अगं, मोबाइलमध्ये असते तसली? मग रिचार्ज करावा लागतो का?" मग एकदम हसायलाच लागले. त्यांच्या जुन्या मोटारसायकलला आमच्या गोदरेजच्या कपाटाची चावी लागायची, ते मलाही आठवतं. पण आज नवीनच कळलं. एकदा ते कचेरीतून दुसऱ्याचीच गाडी घेऊन घरी आले होते. रंग तोच, चावी लागली, किक मारली, निघाले. हँडलला पिशवी होती तीही आपलीच समजले. पिशवीत कारली निघाली तेव्हा आई म्हणाली, ही गाडी आपली नाही. बाबांनी जन्मात कधी कारली विकत आणलेली नाहीत.

आईने फोन हिसकावून घेतला. "शुक्रवारी अक्षय्य तृतीया आहे. घ्यायचीच असेल तर त्या दिवशी घे. आणि हळू चालव."

मंगळवार, ७ मे

जेवणाच्या सुट्टीत फोनाफोनी. डीलरकडे नव्या संपूर्ण संचाचा भाव विचारला: इग्निशन स्विच, इंजिनचा कंट्रोल युनिट, पेट्रोलच्या टाकीचं आणि सीटचं कुलूप, तीन चाव्या. मजुरी धरून आकडा गाडीच्या निम्म्या किमतीच्या पुढे गेला. अपघाती गाड्या मोडून सुटे भाग विकणाऱ्या एकाकडे त्याच मॉडेलचा जुना संच आहे, लाल चावीसकट, २२० पौंड. आणि एक फिरता चावीवाला आहे, व्हॅन घेऊन दारात येतो. तो म्हणाला, एक चालती चावी असेल तर तिच्या चिपची हुबेहूब नक्कल करून देतो. गाडीला नवी चावी ओळखायची गरजच नाही, तिला ती जुनीच वाटणार. ६५ पौंड.

म्हणजे मार्ग आहे. पण एकुलती एक चावी चालती आहे तोवरच.

संध्याकाळी पैसे भरून गाडीचा इतिहास काढला. चोरीची नोंद नाही, कर्जाचा बोजा नाही. एमओटीच्या, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीच्या, जुन्या नोंदी सरकारी साइटवर फुकट दिसतात. दर वर्षीचे मैल चढत्या क्रमाने, मधे कुठे उतरले नाहीत. रजिस्ट्रेशनच्या कागदावर मात्र मोठ्या अक्षरात छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नव्हे. गाडीची नोंद आणि कर कुणाच्या नावावर, एवढंच तो सांगतो. इतकी वर्षं इथे राहून मला हे माहीत नव्हतं. मी त्याला सातबारा समजत होते.

शुक्रवार, १० मे

घेतली.

काम आटोपून साडेपाचच्या ट्रेनने गेले. या वेळी कागद बाजूला ठेवून आधी चावीच घेतली आणि तिन्ही कुलुपं लावून पाहिली. इग्निशन. टाकीचं झाकण, जरा अडलं, मग उघडलं. सीट, डाव्या बाजूला खाली वाकून. तिन्हींना तीच चावी. कुणी कुलूप फोडून नवं इग्निशन बसवलं असतं तर टाकीला वेगळी चावी लागली असती. मग हँडल पूर्ण वळवून सांगाड्याच्या मानेवर कोरलेला चासी नंबर टॉर्चने वाचला आणि एकेक अक्षर कागदाशी ताडून पाहिलं. गृहस्थ शेजारी उभे राहून आकडे मोठ्याने वाचत होते, शाळेत पाढे म्हणायचो तसे. त्यांनी स्वतः गाडी घेतली तेव्हाची पावतीसुद्धा फायलीत होती. पावतीवर त्या वेळच्या विक्रेत्याने हाताने लिहिलंय, "एक चावी". त्या दोन शब्दांनी माझा जीव भांड्यात पडला.

चावी बंद करून आम्ही घासाघीस करत उभे होतो, तेवढ्यात मीटरवरचा छोटा दिवा लुकलुकायला लागला. बंद केल्यावर अर्ध्या मिनिटाने लागतो तो, पहारा चालू आहे हे सांगायला. चोवीस तासांनी लुकलुकणं थांबतं, पहारा चालूच. अठरा वर्षांची गाडी, तीन मालक झाले, आणि हा दिवा प्रत्येकाच्या गॅरेजमध्ये असाच डोळे मिचकावत बसला असणार. मला तो दिवा फार आवडला. भाव करताना असलं काही आवडून चालत नाही, तरी.

मी १४०० म्हटलं, जुन्या संचाचा भाव दाखवला. ते म्हणाले, १५००. १४५० ला मिटलं. तिथेच उभ्याने फोनवरून विमा सुरू केला, रजिस्ट्रेशनच्या कागदातून नव्या मालकाला मिळणाऱ्या हिरव्या चिठ्ठीवरचा नंबर टाकून कर भरला. इथे २०१४ पासून जुन्या मालकाने भरलेला कर नव्याकडे येत नाही. विम्याच्या अटी नंतर घरी वाचल्या. चोरी झाली तर सगळ्या चाव्या जमा करा म्हणतात. सगळ्या म्हणजे माझी एक.

घरी येईपर्यंत ती चावी कुलपात आहे की नाही हे मी प्रत्येक सिग्नलला बघत होते. पडणार कुठे? पण बघत होते.

आईसाठी हँडलला हळदकुंकू लावून फोटो पाठवला. रात्री अकराच्या सुमारास शेजाऱ्यांचा गलका ऐकून बाहेर गेलो तर आभाळ गुलाबी आणि हिरवं. कोव्हेंट्रीत ध्रुवीय प्रकाश! सूर्यावर मोठं वादळ झालंय म्हणे. अख्खी गल्ली माना वर करून उभी, आणि नवरा म्हणाला, "बघ, गाडी लाभली." मी खाली बघत होते. अंधारात तो दिवा लुकलुकत होता.

बुधवार, १५ मे

चावीवाला आला. तरुण पोरगा, व्हॅनमध्ये दोन मशिनं आणि एक लॅपटॉप. माझी चावी एका खोबणीत ठेवली, चिपमधला आकडा वाचला, कोऱ्या चिपवर उतरवला. मग दुसऱ्या मशीनवर पातं कापलं. वीस मिनिटंही लागली नाहीत.

साताऱ्यात राजवाड्यापाशी छत्रीखाली बसणाऱ्या चावीवाल्याची आठवण झाली. तो कुलूप न बघता नुसती चावी नखाने चाचपायचा, कोरी चावी पकडीत धरून कानशीने घासायचा, मधेच उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचा. या पोराने डोळा मिटला नाही. पण पातं कापून झाल्यावर धारेवरून अंगठा मात्र तसाच फिरवला.

मी विचारलं, लाल चावी नसलेल्या गाड्या किती येतात तुझ्याकडे? म्हणाला, लाल चावी असलेल्या येतच नाहीत. खरंय, त्यांना हा कशाला लागेल.

शनिवार, १८ मे

आज फजिती झाली, ती लिहायलाच हवी.

केनिलवर्थच्या बाजूला चक्कर मारून परत येताना पेट्रोल भरलं. पैसे देऊन आले, चावी फिरवली, दिवे लागले, बटण दाबलं. काही नाही. परत. काही नाही. मीटरच्या पडद्यावर आकडा: ५२. मागे एक पांढरी व्हॅन, तिचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर बोटं वाजवतोय. पोटात गोळा आला. नक्कल फसली, १४५० पौंड पाण्यात, नवऱ्याला काय सांगू, सगळं एकाच श्वासात.

गाडी ढकलत हवा भरायच्या जागेपाशी नेली आणि फोनवर पुस्तिका उघडली. ५२ म्हणजे चिपच्या संदेशात अडथळा. उपाय पहिला: लाल चावी वापरून इंजिन सुरू करा.

मी मोठ्याने हसले. व्हॅनवाल्याने वळून पाहिलं.

त्याच्या पुढची ओळ: दुसरी कुठलीही इमोबिलायझरची चावी जवळ नाही याची खात्री करा. आणि माझ्या कडीत दोन्ही चाव्या शेजारी शेजारी! आज सकाळीच हौसेने एकत्र अडकवल्या होत्या, आजीच्या कमरेला जुडगा असायचा तसा. कुलपाजवळ दोघी एकदम बोलत होत्या आणि गाडीला एकीचंही ऐकू येत नव्हतं. सकाळी निघताना कशी सुरू झाली कोण जाणे. आजी म्हणाली असती, सवती एका चुलीपाशी बसवल्यास कशाला.

कडी काही उघडेना. शेवटी उघडली, त्यात अंगठ्याचं नख गेलं. नवी चावी जाकिटाच्या पाठीच्या खिशात टाकली, जुनी फिरवली. ५२ गेला. सुरू झाली.

घरी आल्यावर नवी चावी ठेवून दिली. नवरा विचारतोय कुठे. त्याला सांगितलंय. इथे लिहिलं होतं, ते खोडलं.