पाचशे जीबीचं भूत

लग्नसराईतली दुपार होती. कोल्हापुरातल्या एका फोटो स्टुडिओच्या ताईंचा फोन आला. “दादा, नवी डिस्क कोरी दाखवतेय. सहा वर्षांची लग्नं आहेत हो त्यात!” शेजारचा मुलगा म्हणत होता, फॉरमॅट मारली की दिसेल. मी म्हटलं, “ताई, कुणालाही हात लावू देऊ नका. मशीन बंद करा, मी निघालोच.”

जुनी २ टीबीची डिस्क भरली म्हणून त्यांनी ४ टीबीची आणली होती. त्यांच्या मशीनला (त्यावर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार) चालेल का, तेही नीट बघितलं होतं: साटा पोर्ट (मदरबोर्डवर डिस्क थेट जोडायची जागा), साडेतीन इंची जागा, पॉवरची पिन. मैत्रिणीकडून यूएसबीचा डबा (डिस्क आत बसवून यूएसबीने जोडायची पेटी) आणून दोन रात्री कॉपी केली, मग डिस्क डब्यातून काढून थेट कॅबिनेटमध्ये बसवली. जुनी डिस्क पुसून दिरांच्या दुकानात गेली होती. म्हणजे दुसरी प्रत कुठेच नाही.

बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, डिस्क पूर्ण ४ टीबी दिसली. स्मार्टचा, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीचा अहवाल स्वच्छ, आवाज नाही. पण डिस्कांची यादी दाखवणाऱ्या एलएसबीएलके कमांडमध्ये तिच्याखाली एकही पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) नाही. पार्टिशनचा तक्ता दाखवणाऱ्या एफडिस्कमध्ये मात्र एक विचित्र ओळ: ईई प्रकारचं, म्हणजे नव्या पद्धतीच्या डिस्कवर फक्त राखणीला ठेवलेलं पार्टिशन, ४६५.८ जीबी. त्या मापाचं पार्टिशन कुणी केलंच नव्हतं. मी त्या आकड्याकडे बघत बसलो. मग त्याला आठने गुणलं. बरोबर अख्ख्या डिस्कचा आकार आला (एफडिस्क १०२४ च्या हिशेबाने मोजतो, त्यात ४ टीबी म्हणजे साधारण ३७२६ जीबी), आणि माझा जीव भांड्यात पडला.

५१२ आणि ४०९६. काही यूएसबी डबे डिस्कचे सेक्टर, म्हणजे ती ज्या तुकड्यांत मोजली जाते ते तुकडे, ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे आहेत असं कॉम्प्युटरला सांगतात. विंडोज एक्सपीच्या काळात पार्टिशनचा तक्ता लिहायच्या जुन्या एमबीआर पद्धतीची मर्यादा ५१२ च्या सेक्टरला २ टीबीवरच संपायची. सेक्टर आठपट मोठा दाखवला की ती १६ टीबीवर जायची. ताईंचा डबा त्यातलाच. जीपीटी या नव्या पद्धतीचा तक्ता १ नंबरच्या सेक्टरवर असतो (मोजणी शून्यापासून). डब्यात तो ४०९६ व्या बाइटवर लिहिला गेला, आणि साटावर लिनक्स तो ५१२ व्या बाइटवर शोधत होतं. फोटो जागच्या जागी होते, फक्त पत्ता चुकीच्या मापाने मोजला जात होता.

“तो डबा कुठेय?”

“मैत्रीण घेऊन गेली पुण्याला.”

मग लॉसेटअप या लिनक्सच्या कमांडने डिस्क फक्त वाचण्यापुरती, सेक्टर ४०९६ चा सांगून जोडली. पार्टिशन उमटलं. तेही फक्त वाचण्यापुरतंच माउंट केलं, म्हणजे उघडलं, आणि फोल्डरांची रांग आली. ताईंनी सगळ्यात आधी परवाचं निपाणीचं लग्न उघडलं. त्याचा अल्बम अजून द्यायचा होता.

संध्याकाळी मी दुसरी ४ टीबीची डिस्क घेऊन आलो. या वेळी ती आधी साटालाच लावली, एलएसबीएलकेमध्ये लॉजिकल सेक्टर ५१२ दिसतोय हे ताईंना दाखवलं, तिथेच पार्टिशन केलं आणि कॉपी सुरू केली. ती संपेपर्यंत ताईंनी स्टुडिओ बंद केला नाही.