गाडी लावून गेल्यावर

मराठीत आपण झाड लावतो, दिवा लावतो, दार लावतो, आणि गाडीही लावतोच. झाड लावून गेलेल्याचे लोक नाव काढतात. गाडी लावून गेलेल्याचेही काढतात, फक्त सूर वेगळा असतो. गाडी चालवताना आपण जागेवर हजर असतो, चुकलो तर हात वर करून क्षमा मागू शकतो. लावलेली गाडी मात्र आपल्या गैरहजेरीत, तासन् तास, आपल्याविषयी बोलत राहते, आणि तिच्या बोलण्यात आपल्याला दुरुस्ती करता येत नाही.

माझी गाडी चार मीटरला थोडी कमी लांब आणि पावणेदोन मीटरला किंचित कमी रुंद आहे, म्हणजे ती उभी राहते तिथे सुमारे ७० चौरस फूट जागा अडवते. पुण्याच्या पेठेत एवढ्या जागेचे मोल काय होते याचा हिशेब मी एकदा मांडायला घेतला आणि लाजेने अर्ध्यातच सोडून दिला. इमारतीखालच्या खांबांमधली मोकळी जागा ही सामाईक जागा आहे, बिल्डरने ती गॅरेज म्हणून स्वतंत्रपणे विकायची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुंबईतल्या एका सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट केले. तरीही त्या जागेवरून होणाऱ्या वार्षिक सभेतल्या भांडणांना त्यामुळे फारसा खंड पडलेला नाही.

आमच्या इमारतीखाली मला जागा नसल्यामुळे माझा संसार 'पी १' आणि 'पी २' या पाट्यांवर चालतो. विषम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला गाड्या लावायच्या आणि सम तारखेला समोरच्या, अशी ही व्यवस्था आहे, आणि तिच्यामुळे एकादशी-चतुर्थी कधी आहे हे विसरणाऱ्या माझ्यासारख्याला आजची इंग्रजी तारीख मात्र तोंडपाठ असते. तिच्यातली एक गंमत लक्षात यायला मला दोन वर्षे लागली: ३१ तारखेनंतर १ तारीख येते आणि दोन्ही विषम. वर्षातून सात वेळा, आणि लीप वर्षात आठ वेळा, आमच्या गल्लीतल्या गाड्या जागच्या हलत नाहीत.

नियम तसे कुणाला ठाऊक नसतात असे नाही. वळणावर, पुलावर, पदपथावर, बसथांब्याशी, शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या दाराशी, आधीच उभ्या असलेल्या गाडीला समांतर अशी गाडी लावू नये, हे सगळे आपण परवाना काढताना वाचलेले असते. तळजाईसारख्या चढावर नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नये, तोंड चढाकडे असेल तर पहिला आणि उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअर टाकून ठेवावा, आणि उतारावर पुढची चाके पदपथाकडे वळवावीत, हेही बहुतेकांना माहीत असते. मला उशिरा कळलेली गोष्ट याहून साधी होती: चालकाने आपल्या बाजूचे दार डाव्या हाताने उघडावे. तसे करताना अंग आपोआप मागे वळते आणि मागून येणारा सायकलवाला, दार त्याच्या छातीवर आदळण्याच्या आत, दिसतो.

इतके जाणूनही एका सकाळी मी एका फाटकासमोर 'पाचच मिनिटे' म्हणून गाडी लावली. आमची पाच मिनिटे कशी असतात ते सांगायला नको. परत आलो तेव्हा फाटकाच्या आत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, कानटोपी घातलेले एक आजोबा मांडीवर रिपोर्टांची पिशवी घेऊन बसले होते, आणि त्यांना न्यायला आलेली रिक्षा पार कोपऱ्यावर थांबली होती. पुण्यातल्या रीतीप्रमाणे चार शब्द ऐकायची मी तयारी केली. आजोबांनी घड्याळाकडे पाहिले आणि अगदी सौम्यपणे विचारले, "झालं का तुमचं काम?" टायरमधली हवा सोडली असती तर मला बरे वाटले असते.

त्या दिवसापासून माझ्या गाडीच्या पुढच्या काचेआड एक पुठ्ठा असतो, त्यावर ठळक अक्षरात माझा फोन नंबर आणि 'अडचण झाल्यास कृपया फोन करावा, लगेच येतो' एवढाच मजकूर. गेल्या पावसाळ्यात एकदा रात्री पावणेबाराला फोन वाजला. मी चप्पल शोधत, क्षमा मागतच जिना उतरू लागलो, तर समोरच्या इमारतीतले गृहस्थ म्हणाले, "गाडी बरोबर जागी आहे हो, पण दिवे चालू राहिलेत. सकाळी बॅटरी उतरलेली मिळेल."