तुम्ही विचारलंत म्हणून: पोल कुठला घेऊ?

"ताई, घरी सरावाला काढता येणारा डान्स पोल घ्यायचाय, कुठला घेऊ?" नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, कुठून ना कुठून हा प्रश्न येतच असतो. सोबत दोन-तीन पोलचे फोटोही असतात. मी लातुरात घरीच सराव करते, तेव्हा माझं उत्तर ठरलेलं आहे: फोटो राहू द्या, आधी तुमचं छत कशाचं आहे ते सांगा. पुष्कळ जणींना ही टाळाटाळ वाटते.

काढता येणारा पोल ड्रिल न करता उभा राहतो तो निव्वळ दाबावर. खाली रबर लावलेला तळ, वर पसरट चकती, आणि स्क्रू फिरवला की नळी लांबत जाऊन फरशी आणि छत यांच्यात घट्ट बसते. म्हणजे पोल छताला लटकलेला नसतो, तो छताला खालून रेटत असतो. एवढं ध्यानात आलं तरी निम्मे प्रश्न सुटतात.

आता आपल्याकडची छतं बघा. माळवदाच्या घरात तुळया, त्यावर सरे नि फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. वरचं ओझं खाली पेलायला केलेली ही रचना. तिला खालून रेटा दिला तर फळ्या हलणार आणि माती अंगावर येणार. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या घरांनी काय केलं ते इथं कुणाला सांगावं लागत नाही. माळवदाला पोल लावायचा नाही, हा विषय माझ्यापुरता संपला. पत्र्याचं तर विचारूच नका. वावटळीत उडू नये म्हणून ज्या पत्र्यावर आपण दगड ठेवतो, तोच पत्रा पोल खालून उचलायला बघणार.

राहिला स्लॅब. घरांना साधारण चार-पाच इंचांचा स्लॅब असतो आणि तो धड असेल तर पोलचा दाब सहज घेतो. पण चकती स्लॅबला टेकतच नाही, ती टेकते गिलाव्याला. आमच्या गवंडीमामांनी थापीच्या दांड्याने छतावर टक् टक् करत खोलीभर फेरी मारली. बहुतेक ठिकाणी ठणठणीत आवाज. खिडकीजवळ आवाज एकदम बसला. "इथं पोकळ वाजायलंय ताई, इथं लावू नका," म्हणाले. वर बाथरूमची ओल होती. अशा जागी दाब आला की गिलाव्याचा पोपडा सुटतो, चकती सैल होते आणि पोल हलायला लागतो, तोही तुम्ही वर उलट्या असताना. जिथे ओल आहे, गंजलेली सळई दिसते, तिथे चांगल्यातला चांगला पोलही घेऊ नका. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला टेकवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. तेवढा भाग कापून चकती खऱ्या स्लॅबला लागली पाहिजे.

मग येते उंची. एक्स-पोल या कंपनीचा 'एक्सपर्ट' हा बराच चालणारा संच मुळात २२३५ ते २७४५ मिलिमीटरपर्यंतच, म्हणजे नऊ फुटांपर्यंत बसतो. आपल्याकडे दहा फूट स्लॅब सर्रास असतो. म्हणजे वाढीव तुकडा पोलसोबतच मागवा. कमी पडलं म्हणून खाली पाट किंवा वर लाकडी ठोकळा ठेवणाऱ्यांना मी हात जोडते. खालची फरशीही ठोकून बघा. शहाबादी असेल तर जागा सपाट आहे ना ते तपासा, टाइल खालून पोकळ असेल तर ती तडकते.

आणि पंखा! परदेशातले व्हिडिओ बघून पोल घेणाऱ्यांना हा आठवतच नाही. आपल्या खोलीचा मधला मान पंख्याचा असतो, आणि पोललाही चहूबाजूंनी पाचेक फूट मोकळी जागा लागते. पाय सरळ केला की तो पात्यापर्यंत पोचतो. त्यामुळे एक तर खोली मोठी हवी, नाही तर पंखा उतरवून भिंतीवरचा लावायचा. पंखा नुसता बंद करून भागत नाही, पात्यावर पाय आपटला तरी लागतंच.

माळवद किंवा पत्रा असलेल्यांसाठी उपाय म्हणजे स्वतःच्या तळावर उभा राहणारा स्टेज पोल. महाग, जड, तळच पाचेक फुटांचा गोल, पण छताशी त्याचं देणंघेणं नाही. अंगणात ठेवलात तर मे महिन्यात दुपारी त्याला हात लावता येणार नाही, एवढं लक्षात असू द्या.

नळीची जाडी, म्हणजे व्यास, ४५ मिलिमीटर घ्या, स्पर्धांतही तीच चालते. मुलामा कुठला, यावर मात्र मी जरा अडून बसते. क्रोम दिसायला छान, पण घामट हातांना निसटतो. पितळी जास्त धरून ठेवतो, पण काळवंडतो. खोट्या कानातल्यांनी तुमचे कान चिघळत असतील तर क्रोमपासून लांबच राहा, त्याच्या खाली बहुधा निकेलचा थर असतो. त्यापेक्षा पावडर कोटिंग बरं. मल्लखांब केलेल्या मुली एरंडेल तेलाच्या सवयीने येतात. लाकडाला ते चालतं, इथे तेल, लोशन, काहीच नको. स्पिरिटने पुसायचं आणि चढायचं.

"फॅब्रिकेटरकडून रेलिंगचा पाइप बसवून घेतला तर?" दोन टोकांना प्लेट लावून बोल्टने स्लॅबला पक्का केला, पाइपची जाडी नीट घेतली, तर चालेल, पण मग तो काढता येणारा राहिला नाही. पडद्याच्या दांडीसारखे स्वस्त पोल ऑनलाइन मिळतात, ते अंगाचा भार टाकायला नसतातच.

"घरचे काय म्हणाले?" हेही विचारतात. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पाहुणे आले की हे काढता येतंय का?" येतं. पण परत लावताना दर वेळी पाणसळ लावून चारही बाजूंनी सरळ आहे का बघावं लागतं, आणि चढण्याआधी खालीच उभं राहून जोरात हिसका देऊन बघावा लागतो. पहिले काही दिवस तर तो वापरून थोडा बसतो, तेव्हा पुन्हा आवळायचा. रोज काढ-घाल करायचा मनसुबा असेल तर हा वेळ आधीच हिशेबात धरा. मी तरी दिवाळीला आणि लग्नसराईतच काढते.