चौथी वाकळ: फुगा गेला, गंज आला, ळ जमला

तर मंडळी, चौथी वाकळ काल रात्री पावणेबाराला मशीनवरून उतरली. गोट, म्हणजे कडेची पट्टी, अजून दीड बाजू लावायचा राहिलाय, पण आतल्या टिपा सगळ्या मारून झाल्या म्हणून मी ती झालीच असं धरते. माप कागदावर ६०.५ बाय ८२.५ इंच, टिपा पडल्यावर आक्रसून ५९ बाय ८० च्या आसपास आलंय, चार थर, अकरा बॉबिन, चार सुया, आणि त्यातल्या एका सुईचं मोडकं टोक अजून सापडलेलं नाही, लोहचुंबक फिरवून झालं, पोरांना त्या खोलीत अनवाणी यायला बंदी आहे.

वाकळ म्हणतेय कारण कोल्हापुरात आम्ही वाकळच म्हणतो, तुम्ही गोधडी म्हणा. क्विल्ट म्हटलं की आमची आत्ती विचारते ते काय असतंय. मशीन आईची जुनी काळी पायमशीन आहे, मोटर लावलेली नाही आणि लावणारही नाही, का ते खाली येईलच.

मागचं थोडक्यात सांगते. पहिलं एक दुपटं, ३६ बाय ३६, ते बरं झालं कारण लहान होतं, लहान मापात चुका लपतात. तिसरी वाकळ वॉकिंग फूटवर (सुईजवळ कापड दाबणारा असा फूट, जो वरचा थरही खालच्याबरोबर पुढं नेतो) सरळ रेघांची, ती पण ठीक. या फूटबद्दल एकच सांगते, त्याचा जो काटा असतो तो सुईच्या स्क्रूवर बसलाय का ते बघा, मी पहिले दोन दिवस तो नुसता बाजूला लोंबकळत ठेवून चालवला आणि म्हणत होते की एवढे पैसे घालून फरक काहीच नाही. काटा बसल्याशिवाय तो चालतच नाही, साध्या फूटसारखा नुसता दाबून धरतो, मग खालचा थर पुढं ओढला जातो आणि वरचा मागं राहतो.

पण बोलायचं आहे ते दुसरीबद्दल, कारण चौथी कळायला दुसरीचा फुगा माहीत पाहिजे.

आत्ती हातानं वाकळ शिवते तेव्हा खाली जमिनीवर सगळे थर अंथरते, कडेनं मोठा कच्चा टाका घालते, आणि मग स्वतः त्यावरच बसून कडेपासून धावदोरा सुरू करते, चौकोनात चौकोन करत मधे येते. मी लहानपणापासून हेच बघितलंय. म्हणून दुसरी वाकळ मशीनवर घेतली तेव्हा मी पण कडेपासूनच सुरुवात केली, दोन दोन इंचावर टीप मारत आत आले. शेवटच्या दोन फेऱ्या राहिल्या तेव्हा मधे एवढं कापड गोळा झालं की तव्यावरची भाकरी टम्म फुगावी तसा फुगा. दाबला तर चुण्या पडायच्या, सोडला तर परत फुगायचा. मी तो चुण्या पाडूनच शिवला आणि वाकळ कुत्र्याला दिली, कुत्रा खूश आहे.

आत्तीला दाखवलं तर म्हणाली, "मशीन लोटत नेतीया गं, आमचा गुडघा धरून ठेवतोय. वाकळ गुडघ्यानं शिवायची अस्ती." मला तेव्हा ते नुसतं टोमण्यासारखं वाटलं. नंतर विचार केला तर अगदी बरोबर आहे, जमिनीवर अंगाच्या वजनानं चारी थर जागच्या जागी राहतात, सुई वर-खाली होते पण कापड कुठंच जात नाही. मशीनवर उलटं, सुई एका जागी आणि कापड फिरतं, प्रत्येक टीप थोडं थोडं कापड पुढं ढकलते, त्या ढकललेल्याला बाहेर पडायला वाट पाहिजे. म्हणून मशीनवर मधून सुरू करून कडेकडे जायचं. हे सगळे व्हिडिओवाले सांगतातच, मी ऐकलं पण होतं, पण आत्तीवर जास्त विश्वास होता.

बाकी मशीनवरची वाकळ ती काय वाकळ हे ऐकायला मिळतंच, तुम्हालाही मिळत असेल. १९८९ साली अमेरिकेत केंटकीमधल्या पडुका गावच्या मोठ्या क्विल्ट प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनवर क्विल्ट केलेल्या कामाला सर्वात मोठं बक्षीस मिळालं, मशीनच्या कामाला ते मिळायची ती पहिलीच वेळ, तेव्हा तिकडंही हाच वाद झाला की हाताचा टाका नाही तर क्विल्ट कसली. म्हणजे आत्ती सगळीकडे असतात.

आता चौथी. वरचा थर ६ इंचाचे चौकोन, पाव इंच शिलाई दोन्हीकडून गेली की साडेपाच उरतात, ११ गुणिले १५, एकूण १६५. निम्मे तुकडे जुन्या साड्यांचे, निम्मे इचलकरंजीहून आणलेल्या पॉपलिनच्या कटपीसचे. नवीन पॉपलिन धुतल्याशिवाय कापू नका, जुनी साडी पन्नास वेळा धुतलेली असते ती आता आटणार नाही, नवीन कापड आटतं, मग दोघांची शिवण पहिल्या धुण्यात ओढाताण करते.

आत मी फोम किंवा कापसाची गादी घालत नाही, आजीचं नऊवारी घातलं. हिशोब सांगते, कुणाला उपयोगी पडेल. ९ वार म्हणजे ३२४ इंच, पन्हा साधारण ४५. त्याचे ६५ इंचाचे चार तुकडे केले, २६० गेले, ६४ इंच उरलं ते वरच्या चौकोनांना वापरलं. दोन तुकडे शेजारी जोडले की जवळजवळ ९० लांब आणि ६५ रुंद असा एक थर, असे दोन थर. पण दोन्ही थर सारखेच जोडले तर जोड बरोबर एकावर एक येतो आणि तिथं सुई अडते, माझी पहिली सुई तिथंच गेली. मग दुसऱ्या थराचा जोड उसवला, त्यातला एक तुकडा उभा फाडला आणि दोन पट्ट्या अख्ख्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना लावल्या, जोड दोन ठिकाणी झाले पण मधे काही आलं नाही.

जूनच्या शेवटी थर अंथरले, मूठभर अंतरावर सेफ्टी पिना लावल्या, तीनशेच्या वर लागल्या. आणि मग घरात आजारपण आलं, पाहुणे आले, वाकळ गुंडाळून तीन आठवडे कपाटावर. कोल्हापूरचा जुलै. भिंतीला ओल, चामड्याच्या पट्ट्याला बुरशी, पापड मऊ, आणि मी तीनशे लोखंडी पिना सुती कापडात टोचून ठेवून दिलेल्या. उघडली तेव्हा फिक्या चौकोनांवर ठिकठिकाणी तांबूस ठिपके. लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवायचं म्हणतात, ऊन कुठून आणू? ओट्यावरच्या बल्बखाली ठेवून बघितलं. बरेच फिके झाले, सात ठिपके काही जाईनात. त्या सातांवर शेवटी पानाच्या आकाराची हिरवी ठिगळं लावली, आता बघणारा विचारतो ही पानं किती छान सुचली. मी हो म्हणते.

तेव्हापासून पावसाळ्यात पिना बंद. आत्तीसारखा कच्चा टाका, लाल दोऱ्यानं, मधून सुरू करून चारी दिशांना, वीतभर अंतरावर. दोन संध्याकाळी जातात, पण फूट पिनेवर आदळत नाही आणि दर दोन मिनिटाला थांबून पिन काढावी लागत नाही. खरं सांगायचं तर या वाकळेत मला सगळ्यात जास्त शिकवलं असेल तर या कंटाळवाण्या कामानं, थर नीट टाचले असतील तर मशीनवरच्या माझ्या निम्म्या चुका होतच नाहीत.

आता फ्री मोशन. ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी, यात खालचे दात कापड ओढत नाहीत, तुम्ही हातानं कापड फिरवायचं. माझ्या मशीनचे दात खाली जात नाहीत, म्हणून टाक्याची लांबी शून्यावर केली, दात जागेवरच वर-खाली होतात, ओढत नाहीत. रफूचा फूट लावला. हातमोजे घेतले होते ते घामानं ओले व्हायचे, मग बँकेत नोटा मोजायला बोटात घालतात त्या रबरी टोप्या आणल्या, दोन्ही हातांच्या दोन दोन बोटांना, पकड एकदम मस्त.

पहिले पंधरा दिवस दोरा तुटणे हा एकच कार्यक्रम. दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, बदललं, रीळ बदललं, सुई १६ ची १४ केली, दोरा परत ओवला, तेल घातलं, जुन्या साड्यांची लव फार सुटते ती टूथब्रशनं काढली. मेकॅनिकला बोलावलं तर त्यानं दोन मिनिटं बघून शटल (खाली बॉबिनभोवती असतो तो भाग) बदला म्हणून सांगितलं आणि आकडा पण सांगितला. मला एक गोष्ट खटकत होती, सरळ शिलाईत दोरा कधीच तुटत नव्हता. मग मुद्दाम लक्ष ठेवलं तर कापड डावीकडे ओढलं की तुटतो, उजवीकडे नाही. सुईखालची पत्री काढली, भोकातून कापसाची बारीक वात फिरवली तर एका जागी तंतू अडकला. नखानं पण लागत होतं, जेमतेम जाणवेल असा खरखरीतपणा, बहुतेक कधीतरी सुई तिथं आदळून ओरखडा पडला असणार. सरळ शिलाईत दोरा त्या बाजूला घासतच नाही, फ्री मोशनमध्ये चारी बाजूंना घासतो. हजार नंबरचा पॉलिश पेपर काडीला गुंडाळून दहा मिनिटं घासलं, पुसलं, बसवलं. त्यानंतर आजपर्यंत दोरा तुटला तो फक्त दोनदा आणि दोन्ही वेळा चूक माझी. शटल तेच आहे.

दुसरा त्रास म्हणजे वळणावर खालच्या बाजूनं दोऱ्याचे फासे, पापण्यांच्या केसांसारखे. मी टेन्शन आवळत बसले, पण ते टेन्शनचं नव्हतंच, वळण आलं की माझे हात पळायचे आणि पाय तेवढाच चालायचा. इथं पायमशीनचा फायदा कळला, मोटरवर वेग पायाला लवकर कळत नाही, पायडलवर हातपाय दोन्ही माझेच, हात पळाले की खडखडाट तोच राहिलेला ऐकू येतो आणि मी हात आवरते. फक्त सुरुवातीला चाक उलटं फिरलं की खाली दोऱ्याचं घरटं होतं, त्यामुळं पहिला फेरा हातानं द्यायचा.

नक्षी. सगळे शिकवतात ती शेवयांसारखी नागमोडी, जी स्वतःला कुठंच छेदत नाही. मला ती येत नाही. वीस वीस मिनिटं रोज, फूटभराच्या चिंध्यांवर, पंचवीस तुकडे झाले, मी दरवेळी स्वतःला कोपऱ्यात कोंडून घेते. एके दिवशी वैतागून मशीनवर नुसती अक्षरं काढली, आधी नाव, मग उ उ उ, मग ळ. आणि ळ जमला! दोन गोल, मधे परत येणं, आणि लगेच पुढचा ळ, हाताला त्याचं वळण शाळेपासून ठाऊक आहे, विचार करावाच लागत नाही. छेदलं तर छेदू दे, त्यातच ती नक्षी आहे. मग अख्ख्या वाकळेवर ळळळळळ, कुठं आडवा, कुठं तिरका, मोठा-लहान. मुलगा म्हणाला शुद्धलेखनाची शिक्षा झालीय का. लांबून बघितलं तर वेलीसारखं दिसतं, जवळून बघितलं तर पहिल्या चार रांगांतले ळ दारू प्यायलेले आहेत, ते उसवणार नाही.

वाकळ मशीनच्या गळ्याखालून न्यायची म्हणजे वेगळाच व्यायाम, जागा जेमतेम साडेसहा इंच. उजवीकडची बाजू अळूवडीच्या उंड्यासारखी घट्ट गुंडाळून कपड्यांच्या चिमट्यांनी पकडली, डावीकडे इस्त्रीचं टेबल आणि दोन खुर्च्या लावल्या, कारण वजन खाली लोंबलं की सुई वाकते आणि टाके मधेच लांब होतात. हे सगळं करूनही एकदा खालची कड आत दुमडली गेली आणि मी साडीचा पदर आणि वाकळ एकत्र शिवले. अंगावरच्या साडीचा. हाक मारून नवऱ्याला बोलवावं लागलं, तो आधी फोटो काढायला फोन शोधत होता.

कोपऱ्यांचं एक राहिलं. इकडून जवळच कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या) बायका त्यांच्या कवंदीच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या वाकळेच्या, चारी कोपऱ्यांवर तिकोनी घड्यांची फुलं लावतात, ती नसली तर कवंदी उघडीच राहिली असं त्यांच्यात मानतात. मी दोन कोपऱ्यांवर लावून बघितली, घड्या इतक्या जाड होतात की मशीन नकार देतं, ती हातानंच. उरलेली दोन लावायला आत्तीनं घेतलीत, गोटाबरोबर. तिनं वाकळ उलटी करून मागची बाजू बघितली, गाठी मोजल्या, आणि म्हणाली, "बरं शिवलंय, पर हे काय लिवलंयस सगळीकडं?"

पुढची खणाची करायची आहे. खण मीठ घालून भिजवला, काही उपयोग झाला नाही, आज चौथं पाणी बदललं, अजून लालच येतंय. कुणाकडं खात्रीचा उपाय असेल तर सांगा, तोपर्यंत कात्री लावत नाही.