तुम्ही विचारलंत म्हणून: त्या मशीनवर अजून राग का?

दादा वाचला, घरी आला, मग इतक्या वर्षांनी त्या बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर अजून राग कशाला? नातेवाईक विचारतात, सोसायटीतले विचारतात. एकदा नीट सांगून टाकते.

वाचला म्हणजे काय, ते आधी बघा. पर्वतीच्या 103 पायऱ्या पहाटे न थांबता चढणारा माणूस आता आमच्या दुसऱ्या मजल्यावर येताना कठडा धरून उभा राहतो. फोनवर एक वाक्य दोनदा तोडतो. सरकारी मोजणीत तो 'बरा झाला'.

एप्रिल 2021, कोरोनाची दुसरी लाट. आमच्या घरात दादा सगळ्यांत काळा, अगदी आजोबांसारखा. बाथरूममधून पलंगापर्यंत येताना त्याला धाप लागली. ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन 94 टक्के. हॉस्पिटलच्या दारात पीपीई घातलेल्या मुलानं तोच आकडा पाहिला. "मॅडम, 94 आहे. घरी न्या, पालथं झोपवा." तेव्हाच्या नियमात 93 किंवा त्याखाली हा भरती करायचा एक निकष होता, मिनिटाला 24 किंवा जास्त श्वास हा दुसरा. श्वास कोणी मोजलेच नाहीत. रात्री वहिनी म्हणाली, "ताई, ह्यांना बोलता येत नाहीये हो." मी तिला आकडा दाखवला. दादानं हातानंच 'थांब' अशी खूण केली आणि उशीला टेकून नुसता बसून राहिला. आडवं होता येईना. मी परत मशीन लावलं. परत 94. दुसऱ्या हॉस्पिटलात बेड मिळाला तेव्हा डॉक्टरबाईंनी मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं. बोटावर 92 होतं. रक्तात निघालं 84.

हे मशीन बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश सोडतं आणि किती शोषले गेले त्यावरून हिशोब करतं. त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही प्रकाश शोषतं, आणि तो हिशोब बसवला होता तो मुख्यतः गोऱ्या लोकांवर. अमेरिकेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत चाचणीला किमान दहा माणसं, आणि त्यांत गडद त्वचेची दोन किंवा 15 टक्के, एवढीच अट. डिसेंबर 2020 मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी छापलं: मशीन 92 ते 96 दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन 88 च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या पेशंटांत 3.6 टक्के, कृष्णवर्णीयांत 11.7. आमच्या त्या रात्रीच्या चार महिने आधी! स्थळ बघताना रंग विचारणाऱ्या आपल्या समाजात, जिथे रंग खरंच विचारायला हवा होता तिथे कोणी विचारला नाही.

पूर्वी मी ठामपणे म्हणायचे की दादाची फुप्फुसं या मशीननं घालवली. आता स्वतःशीच भांडते. मशीन मेडिकलमधलं स्वस्तातलं होतं, त्याचे हात गार पडले होते, त्यानंही आकडा चुकतो. शिवाय 88 दिसलं असतं तरी त्या आठवड्यात पुण्यात बेड कुठे होता? हे सगळं मान्य आहे. पण 88 दिसलं असतं तर मी त्या दारातून हलले नसते, हेही तितकंच खरं.

दादा म्हणतो, "सोड गं आता." त्याच्यापुरता त्यानं विषय संपवला असेल. पण बाजारात आजही तसलीच मशीनं मिळतात, आणि आमच्या घरात दादाचा मुलगा त्याच्याच रंगाचा आहे. त्याला न्यूमोनिया झाला होता तेव्हा मी डॉक्टरांना म्हटलं, बोटावरचं राहू द्या, धमनीतलं रक्त तपासा. ते वैतागले. तपासलं मात्र.