पाच मिलिमीटर

कॅनडातल्या व्हिसलरच्या बाइक पार्कच्या, म्हणजे डोंगरावरच्या सायकल-वाटांच्या, पायथ्याशी एका दुकानात मी मेकॅनिकचं काम करतो. लिफ्ट दिवसभर माणसं आणि सायकली वर नेत राहते आणि वर जे काही मोडतं ते संध्याकाळपर्यंत आमच्या स्टँडवर येतं. वाकलेले हँगर, चेपलेल्या रिम, तेल गळणारे फोर्क. त्यामुळे ‘विकत घ्यायच्या आधी जरा बघून द्या’ असं काम आलं की मला बरं वाटतं. निदान पैसे जायच्या आधी कुणीतरी विचारतंय.

जुलैतल्या एका शनिवारी असंच काम घेऊन एक मुलगा आला. मूळचा सांगलीचा, बर्नबीला शिकायला आलेला. एप्रनवरचं माझं आडनाव वाचलं आणि त्याने इंग्रजी तिथेच सोडून दिलं. “दादा, ही फ्रेम घेऊ का नको, एवढंच सांगा.” सोबत फ्रेम विकणारा पोरगा होता, इथलाच. आमचं बोलणं त्याला कळेना, त्यामुळे तो आल्यापासूनच जरा अस्वस्थ.

मुलाने फोर्क, चाकं, ब्रेक असं सगळं जुनं-पुराणं शोधून जमवलं होतं. राहिली होती फक्त फ्रेम. उन्हाळाभर ए-लाइन आणि डर्ट मर्चंट या पार्कातल्या उड्यांच्या वाटा मारायच्या, जमलं तर संध्याकाळी डर्ट जंपवर उड्या शिकायच्या, असा बेत. समोर पर्याय दोन. एक ही विकणाऱ्याची फ्रेम: ॲल्युमिनियम, मागे १७० मिमी ट्रॅव्हल, म्हणजे चाक तेवढं वर दबतं, आणि कॉइल स्प्रिंगचा शॉक. दुसरी आमच्याच भिंतीवर टांगलेली, गेल्या हंगामातली उरलेली: तीही ॲल्युमिनियमच, पण ट्रॅव्हल १४० मिमी, चेनस्टे, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या, आखूड, उड्यांसाठीच बांधलेली. उरलेला माल म्हणून किंमत पाडलेली, त्यामुळे दोन्हींत पैशाचा फार फरक नव्हता. पहिलीच्या जाहिरातीत मात्र ‘१७० वरून १८३ केलेली’ असं ठसक्यात लिहिलेलं, आणि आमच्या सांगलीकराचा जीव त्या १८३ वर जडला होता.

ट्रॅव्हलचं हे वेड जुनं आहे. फ्रीराइड, म्हणजे अवघड वाटांवरून उड्या मारत जाणं, ही भानगड मुळात इथल्या ब्रिटिश कोलंबियातलीच म्हटली तरी चालेल. व्हँकुव्हरशेजारच्या नॉर्थ शोअरच्या ओल्या जंगलात लाकडी फळ्यांच्या अरुंद वाटा बांधायच्या आणि त्यांच्या टोकावरून खाली झेप घ्यायची. २००१ साली युटाच्या वाळवंटात रेड बुल रॅम्पेज ही फ्रीराइडची स्पर्धा पहिल्यांदा झाली, तीही नॉर्थ शोअरच्याच वेड सिमन्सने जिंकली. तेव्हाची उडी म्हणजे उंचावरून खाली आदळणं. मागे जितका ट्रॅव्हल तितकी पाठ वाचायची. ए-लाइनवरची उडी निराळी. तिथे मातीची चढण, म्हणजे लिप, तुम्हाला हवेत फेकते आणि पुढच्या उतारावर उतरवते. लिपवर मागचं सस्पेन्शन खोल बसलं, तर लिपने दिलेला जोर शॉकच खाऊन टाकतो. गादीवरून उडी मारून बघा आणि मग ओट्यावरून मारून बघा. हवेत कसरती करणारे स्लोपस्टाइलवाले एवढ्या मोठ्या उड्या १०० मिमीच्या आसपासच्या फ्रेमवर मारतात, तीही शॉक दगडासारखा भरून, ते उगाच नाही.

मग आखूडच घ्यावी का? तसंही नाही. हंगाम सरत आला की वळणांच्या अलीकडे ब्रेक दाबून दाबून जमिनीवर खाचांच्या रांगा पडतात आणि १४० मिमीवर दुपारपर्यंत मनगटं बोलायला लागतात. पार्कात दिवस दिवस घालवणाऱ्याला १७० ची फ्रेम जास्त मानवते. हे मी मुलाला मराठीत सांगितलं, आणि विकणाऱ्यालाही कळावं म्हणून पुन्हा इंग्रजीत. भिंतीवरची फ्रेम खपली असती तर आमच्या मालकीणबाईंना हवंच होतं, पण विचारलं तर खरं सांगायचं.

फ्रेम स्टँडवर चढवली. स्पिरिटने पुसून काढली आणि जोडांवर तिरपा टॉर्च धरला. भेग सरळ उजेडात लपते, तिरप्यात सावली टाकते. फोर्क बसतो त्या हेड ट्यूबचे वेल्ड, शॉकचा माउंट, चेनस्टेचा जोड, सगळं स्वच्छ. पिव्हटच्या बेअरिंगमध्ये खेळ नाही. विकणारा जरा सैलावला. फ्रेमसोबत तो ड्रॉपर सीटपोस्टही, म्हणजे सीट वरखाली करणारा दांडाही, देत होता, म्हणून तो वरखाली करून बघितला. शेवटच्या टप्प्यात अडखळला.

“क्लॅम्प जास्त आवळला की होतं तसं,” तो म्हणाला.

होतं, अगदी खरं. क्लॅम्प सैल केला. पोस्ट पुन्हा अडखळला, आणि नेमका त्याच जागी. मग पोस्ट ज्यात बसतो त्या सीट ट्यूबच्या मागच्या अंगाने अंगठा फिरवत खाली आलो. दोन्ही सीटस्टे, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या वरच्या नळ्या, जोडणारा जो आडवा ब्रिज असतो, त्याच्या बरोबर समोर, जिथे चिखल साचून राहतो आणि फडकं पोचत नाही, तिथे रुपयाएवढा रंग घासून उघडं धातू चकाकत होतं. डोळ्याला सपाट दिसत होतं. अंगठ्याच्या नखाला खळगा लागला.

घोडं कुठे पेंड खातंय ते आता कळायला लागलं. शॉकच्या अंगावर २३० × ६० कोरलेलं होतं, म्हणजे लांबी २३० मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे शॉक किती दबतो ते, ६०. स्प्रिंग काढून कॅलिपर लावला तर स्ट्रोक ६५ भरला. २३० लांबीचे शॉक ६० चेही येतात आणि ६५ चेही. पुष्कळदा बाहेरून शॉक तोच असतो, आतली एक चकती घातली की साठ, काढली की पासष्ट. ही काढलेली होती. या फ्रेममध्ये शॉक एक मिलिमीटर दबला की चाक सरासरी २.८३ मिमी वर येतं, १७० भागिले ६०. शेवटाकडे हे प्रमाण उतरून २.६ च्या आसपास येत असावं, कारण पाच मिलिमीटर वाढवल्यावर चाकाला तेरा मिळाले होते. १८३ चं गणित बरोबर जुळलं. फक्त त्या तेरा मिलिमीटरना फ्रेममध्ये जागाच ठेवलेली नव्हती.

हे सांगितल्यावर पोरगा उखडला. असं सगळेच करतात, काही होत नाही, आणि तुला भिंतीवरची फ्रेम विकायची आहे म्हणून तू माझ्या मालाला नावं ठेवतोयस. त्याच्या जागी मी असतो तर मलाही तीच शंका आली असती. म्हणून वाद घातला नाही. मालकीणबाईंच्या मुलीची खेळायची माती काउंटरखाली पडलेली असते. तिचा वाटाण्याएवढा गोळा त्या चकाकत्या जागेवर चिकटवला आणि त्यालाच म्हटलं, स्प्रिंग काढलेलीच आहे, तूच दाब.

त्याने मागचा त्रिकोण दोन्ही हातांनी वर उचलत नेला. तेल असल्यामुळे शॉक संथ बसत जातो. आधी शाफ्टवरचा रबरी बम्पर टेकला, मग चेपायला लागला, आणि तो अजून निम्माही चेपला नव्हता तोच टक् असा आवाज आला. ब्रिज सीट ट्यूबला भिडला होता. सोडल्यावर बघितलं तर मातीची पापडी झालेली, आणि मधोमध तीही उरली नव्हती. धातू दिसत होतं.

तो वाकून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “पण मी यावर खूप उडालोय. कधी काही झालं नाही.”

झालं होतं, म्हणून तर ड्रॉपर अडत होता. उडी कमी पडून माणूस लँडिंगच्या अलीकडच्या कडेवर आपटतो तेव्हा शेवटचा घाव बम्परने घ्यायचा असतो. इथे तो बम्परला मिळायच्या आधीच पातळ भिंतीच्या नळीवर बसत होता, तोही आडवा. सीट ट्यूब काही आडवे घाव सोसायला केलेली नसते. शिवाय ॲल्युमिनियम पोलादासारखं नाही. पोलादाला ठरावीक मर्यादेच्या आतले हेलकावे कितीही दिले तरी ते सहसा निभावून नेतं. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही, लहान घावही ते जमेस धरतं. चकती परत घातली तर आपटणं थांबेल, पण पडलेला खळगा भरून येत नाही.

मुलाला अजून एक गोष्ट दाखवली, तळाशी चिकटवलेला बारीक स्टिकर. लोक तो वाचत नाहीत, आणि मला या धंद्यातली ही सगळ्यात चीड आणणारी गोष्ट वाटते. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या वर्गवारीत चौथा वर्ग म्हणजे १२२ सेंटीमीटरपर्यंतच्या उड्या आणि ड्रॉप. त्यापुढचं सगळं पाचव्या वर्गात. १७० मिमीवाल्या फ्रेमवर ४ होता. भिंतीवरच्या १४० वालीवर ५. ट्रॅव्हल मोठा म्हणजे फ्रेम दणकट, हे त्याच्या डोक्यातलं समीकरण तिथेच मोडलं.

कामाच्या कागदावर मी लिहिलं: सीट ट्यूब चेपलेली, शॉकचा स्ट्रोक बदललेला, उड्यांसाठी जोडून देणार नाही. विकणाऱ्याने त्याचा फोटो काढून घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या जाहिरात उतरवली. जाताना ड्रॉपर तेवढा विकत घेणार का म्हणून विचारलं. मुलाने घेतला. पोस्ट निर्दोष होता, दोष नळीचा होता.

त्यानंतर सांगलीकराने भिंतीवरची फ्रेम उतरवायला लावली. मी म्हटलं, उद्या घे, आज रागाच्या भरात घेऊ नकोस. तो राग वगैरे काही नाही म्हणाला, बस चुकेल म्हणाला. आता फोर्कची पंचाईत. त्याच्याकडचा १७० मिमीचा, फ्रेमला जास्तीत जास्त १६० चालतो आणि बांधणी १५० धरून केलेली. वीस मिलिमीटर जास्त लावला की पुढचा भाग उचलला जातो, हेड अँगल, म्हणजे हेड ट्यूबचा कल, साधारण एक अंशाने लोळतो, आणि जी फ्रेम चटकन उडावी म्हणून घेतली तीच आळशी होते. आतला एअर शाफ्ट बदलून फोर्क १५० वर आणला. मागच्या शॉकचा स्ट्रोक ५५. त्यातला पाव भाग, म्हणजे तेरा-चौदा मिलिमीटर, सॅग ठेवला, म्हणजे माणूस नुसता बसला की शॉक तेवढा दबतो. रिबाउंड, म्हणजे दबलेल्या शॉकचं परत सुटणं, नेहमीपेक्षा थोडा संथ केला, कारण तो वेगात सुटला तर लिपवरून निघताना सायकल मागून ढुशी देते आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. शिकणाऱ्याला ही ढुशी फार महागात पडते.

ऑगस्टच्या शेवटी तो परत आला. उड्या जमायला लागल्या होत्या, सपाट माथ्याचे टेबलटॉप पूर्ण पार होत होते, पण हात भरून येतात म्हणाला. “दादा, मूळ स्ट्रोकवाली १७० कुणाकडे दिसली तर कळवाल का?” मी सायकल स्टँडवर घेतली. मागच्या ब्रेकचे पॅड पत्र्यापर्यंत झिजले होते. म्हटलं, कळवतो, पण आधी ब्रेक इतका वेळ धरून ठेवायचं सोड. नवे पॅड बसवले आणि बिल केलं.